मायफळाच्या शाईतला ग्रंथ

या, असे कंदिलाजवळ सरकून बसा. वीज गेलीय ती काही तासाभरात यायची नाही, आणि आज जी गोष्ट सांगायचीय तिला कंदिलाचाच उजेड बरा. आधी हे हातात घ्या आणि ओळखा बघू काय आहे. सुपारीहून जरा लहान, राखाडी-हिरवट, हाताला टणक, अंगावर बारीक टेंगळं. बरोब्बर, मायफळ. तुमच्यातल्या प्रत्येकाला हे पाजलेलं आहे. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग यांच्या पंगतीत सहाणेवर दोन वेढे घेणारं बाळगुटीतलं मायफळ. नावात फळ असलं तरी हे फळ नव्हेच. तिकडे तुर्कस्तान-सिरियाच्या डोंगरात ओकची झुडपं असतात, त्यांच्या कोवळ्या डहाळीवर गांधीलमाशीच्या गोतातली एक चिलटाएवढी माशी अंडं घालते, आणि झाड त्या अळीभोवती गाठ वाढवत बसतं. अळीला घरही मिळतं नि जेवणही. मग ती मोठी होते, भिंतीला भोक पाडून उडून जाते, आणि मागे उरतो तुरटपणाने गच्च भरलेला हा गोळा. हे बघा, हे तिचं दार.

हा तुरटपणा पाण्यात उतरवायचा, त्यात हिराकस घालायचा, चिकटायला थोडा डिंक. आधी फिकं दिसणारं पाणी हवा लागता लागता काळंभोर होत जातं. यहुदी लेखनिक आपली तोरा पिढ्यान्‌पिढ्या या शाईने लिहीत आला. तोरा म्हणजे आपल्या जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं, उत्पत्तीपासून अनुवादापर्यंत. तेव्हा बाळपणी तुमच्या जिभेवर जे टेकवलं, त्यातूनच मोशेचं नियमशास्त्र कागदावर, चुकलो, कातड्यावर उतरलं.

मला हे कळलं अलिबागेत. उमेदीची वर्षं तिथे गेली, आणि शेजार होता बेने इस्राएल घराचा. त्यांच्याकडे सांगतात की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बरोबरच्या पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलली, गावांवरून नवगावकर, रोहेकर, केहिमकर अशी आडनावं घेतली, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पुस्तक हाताशी नाही, ते ज्या भाषेत वाचायचं ती भाषा विसरलेली, तरी शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द एवढं त्यांनी शेकडो वर्षं कनवटीला बांधून ठेवलं. 1796 साली मुंबईत दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि 1832 मध्ये जॉन विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं ते याच लोकांसाठी.

तर त्या शेजारच्या काकांनी एका शनिवारी मला त्यांच्या मशिदीत नेलं. हो, सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. पश्चिमेच्या भिंतीला पवित्र कपाट, कारण कोकणातून यरुशलेम पश्चिमेला. कपाटातून तोरेची गुंडाळी निघाली तसे सगळे उभे राहिले. वाचणाऱ्याने कातड्याला बोट लावलं नाही. हातात चांदीची काडी, तिच्या टोकाला इवलासा चांदीचा हात, आणि त्या हाताचं इवलं बोट ओळीवरून सरकत होतं. मी मान लांब करून पाहत होतो, आणि माझ्या डोळ्यात पहिली भरली ती अक्षरांची टांगणी. आपण इंग्रजी लिहितो तेव्हा अक्षरं रेघेवर बसवतो. लेखनिक मात्र कातड्यावर बोथट टोकाने, शाईशिवाय, नुसती चरा पाडल्यासारखी रेघ ओढतो आणि अक्षरं त्या रेघेला खाली लटकवतो. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात ना, अगदी तशी. परक्या लिपीत आपल्या घरची खुंटी दिसावी, असं मला झालं.

ते कातडंही नियमाचं. शुद्ध मानलेल्या जनावराचंच हवं. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, चौकटीवर ढोलासारखं ताणून वाळवायचं, आणि असे तुकडे एकमेकांना शिवायचे तेही जनावराच्या स्नायूच्या धाग्याने. लेखनिकाने पाठ आहे म्हणून लिहून टाकायचं नाही. समोर दुसरी प्रत ठेवायची, शब्द तोंडाने म्हणायचा, मग लिहायचा. एक गुंडाळी पुरी व्हायला वर्षभर जातं. आणि एवढं करून एक अक्षर गळलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. परंपरेने तोरेची अक्षरं मोजलेली आहेत, 3,04,805. एवढी अक्षरं, आणि त्यातल्या एकाच्या खाड्याने सगळी गुंडाळी थांबते.

आता या अक्षरांची खरी खोडी ऐका. हिब्रूत बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे चालणारी, आणि बावीसही व्यंजनं. काना, मात्रा, वेलांटी काही नाही. मी तुम्हाला नुसतं ‘मल’ लिहून दिलं तर? माल वाचा, मूल वाचा, मोल वाचा, मला वाचा, कुणी मेलासुद्धा वाचेल. वाक्य माहीत असेल तरच शब्द उघडतो. म्हणजे हा ग्रंथ एकट्याने डोळ्यांनी वाचायचा नव्हताच. तो आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला असावा लागे. अर्धा कातड्यावर आणि अर्धा कानात, असा तो जगला. पुढे लोक देशोदेशी पांगले, हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली, आणि कानातला अर्धा भाग हरवतो की काय अशी धास्ती पडली. तेव्हा गालीलच्या सरोवराकाठी तिबिर्यात मसोरा पंडित म्हणून माणसं होती, त्यांनी सातव्या ते दहाव्या शतकात हे काम अंगावर घेतलं. जुन्या अक्षराला धक्का लावायचा नाही हा त्यांचा पण. म्हणून त्यांनी अक्षरांच्या वर, खाली, पोटात बारीक ठिपके नि रेघा दिल्या, आणि उच्चार बांधून टाकला. समासात नोंदी केल्या, हा शब्द असा इतक्या वेळा येतो, इथे चुकू नकोस. त्यांच्या परंपरेतलं अलेप्पोचं हस्तलिखित सुमारे 930 सालचं. 1947 च्या दंगलीत त्याची बरीच पानं गेली. पुरं हाती लागलेलं सर्वांत जुनं म्हणजे 1008 च्या सुमाराचं, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात आहे. तुम्ही-आम्ही वाचतो त्या आजकालच्या बहुतेक भाषांतरांचा पाया तेच.

देवाच्या नावाचंही तसंच झालं. चार व्यंजनांचं ते नाव यहुदी माणूस आदराने उच्चारत नाही, तिथे ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असं वाचतो. पंडितांनी आठवण राहावी म्हणून त्या चार अक्षरांना अदोनायचे ठिपके दिले. बाहेरच्यांनी अक्षरं एकाची नि ठिपके दुसऱ्याचे एकत्र वाचले, आणि त्यातून ‘यहोवा’ हा उच्चार तयार झाला.

मोजण्याच्या या नादातली एक गोष्ट मला फार आवडते. तोरेच्या अक्षरांतलं मधलं अक्षर कोणतं, तर परंपरा म्हणते, लेवीयच्या अकराव्या अध्यायातलं, पोटावर सरपटणाऱ्या जीवांच्या वचनातलं ‘वाव’. ‘वाव’ म्हणजे आकडा, खुंटी. ते अक्षर आजही इतरांहून मोठं लिहितात. सृष्टीच्या आरंभापासून मोशेच्या मरणापर्यंतचा एवढा पसारा, आणि त्याच्या मध्यावर खुंटी ठोकलीय ती सापा-किड्याच्या पोटात!

शब्दांचे खेळ तर विचारू नका, आणि भाषांतरात ते गळतात याचं मला वाईट वाटतं. आदाम हा माणूस, आदामा ही माती. नावातच कूळ आलं. यिर्मयाला देव विचारतो, तुला काय दिसतं? तो म्हणतो, बदामाची डहाळी. देव म्हणतो, बरोबर, मी माझ्या शब्दावर लक्ष ठेवून जागा आहे. मराठीत वाचताना वाटतं, बदामाचा नि जागं असण्याचा काय संबंध? हिब्रूत बदाम ‘शाकेद’ आणि जागा राहणारा ‘शोकेद’. आणि त्या देशात बदामाचं झाड सगळ्या झाडांच्या आधी, ऐन हिवाळा सरता सरता, अंगावर पान नसताना फुलतं. बाकीचं रान झोपलेलं असताना ते एकटं जागं होतं. झाड ओळखीचं असलं की वचन उघडतं, म्हणून सांगतो, हा ग्रंथ वाचणाऱ्याने त्या देशातली झाडं-जनावरंही थोडी ओळखावीत.

आता या ग्रंथाच्या घराच्या रचनेकडे या. आपण ज्याला जुना करार म्हणतो ते नाव आपलं, ख्रिस्ती लोकांचं. ज्यांचा तो ग्रंथ मुळात आहे ते त्याला ‘तनाख’ म्हणतात. तोरा, नबीईम म्हणजे संदेष्टे, केतुवीम म्हणजे लेख, या तीन नावांच्या आद्याक्षरांचा तो शब्द. प्रॉटेस्टंटांच्या जुन्या करारात पुस्तकं 39, कॅथलिकांच्या 46, यहुद्यांच्या 24. प्रॉटेस्टंटांनी काही जास्त घातलं असं समजू नका. मजकूर तोच, मोजणी वेगळी. होशेयपासून मलाखीपर्यंतचे बारा छोटे संदेष्टे त्यांच्याकडे एकाच गुंडाळीत, म्हणून एकच पुस्तक. शमुवेल एक, राजे एक, इतिहास एक, एज्रा-नहेम्या मिळून एक. कॅथलिकांची जादा पुस्तकं ग्रीक भाषांतराच्या वाटेने आली. अलेक्झांड्रियात ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात ते भाषांतर सुरू झालं, बहात्तर वडील माणसांनी केलं अशी आख्यायिका. नव्या कराराचे लेखक जुनी वचनं देतात ती पुष्कळदा या ग्रीकमधून.

मोजणीपेक्षा मांडणी जास्त बोलते. यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे ही आपल्याला इतिहासाची पुस्तकं वाटतात, यहुदी ती संदेष्ट्यांत ठेवतात. राजे काय करत होते यापेक्षा त्या वेळी देवाचा माणूस काय म्हणत होता, हे त्यांना मोठं. दानीएलला मात्र ते संदेष्ट्यांत न बसवता लेखांत बसवतात. रूथचंही तेच. आपल्याकडे ती शास्त्यांच्या मागे उभी; पुष्कळ हिब्रू प्रतींत ती नीतिसूत्रांच्या लगेच मागे येते, आणि नीतिसूत्रांचा शेवट होतो सद्गुणी स्त्रीच्या वर्णनाने. हिब्रूत तिथे जे दोन शब्द आहेत, तेच दोन शब्द बवाज रूथला उद्देशून वापरतो. म्हणजे आधी वर्णन ऐकायचं आणि पान उलटताच ती बाई सरवा वेचताना भेटते, आणि तीही परदेशी, मवाबी! मला ही मांडणी आपल्या मांडणीहून जास्त गोड वाटते.

आणि शेवट. आपला जुना करार मलाखीपाशी थांबतो. एलीया येणार असं सांगून तो दार अर्धवट लोटतो, आणि पान उलटलं की मत्तय, त्यात बाप्तिस्मा देणारा योहान. आपल्या वाचनाला ते चपखल बसतं. तनाख सहसा संपतो दुसऱ्या इतिहासाने. बाबेलच्या बंदिवासाची वर्षं सरलीत, पारसाचा राजा कोरेश दवंडी पिटतो की यरुशलेमात देवाचं घर बांधायचं आहे, ज्याला जायचं त्याने वर जावं. ‘वर जावं’ हाच हिब्रूतला शेवटचा शब्द. वाक्यसुद्धा पुरं होत नाही. पुरं वाचायचं तर एज्राचा आरंभ काढावा लागतो. एक शेवट वाट पाहायला सांगतो आणि दुसरा चालायला लावतो. हाबेलाच्या रक्तापासून जखऱ्याच्या रक्तापर्यंत, असं प्रभू येशू एके ठिकाणी म्हणतो. हाबेल उत्पत्तीत, आणि मंदिराच्या अंगणात मारला गेलेला जखऱ्या दुसऱ्या इतिहासात. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की त्याच्यासमोरची मांडणी इतिहासानेच संपत असावी.

नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली, हे लूक सांगतो. त्याने वाचलं ते आपल्या एकसष्टाव्या अध्यायातलं. यशयाचे अध्याय सहासष्ट. म्हणजे काय झालं बघा: उजवा हात सोडतोय, डावा गुंडाळतोय असं नव्हे, उलटं, मजकूर उजवीकडून सुरू, तेव्हा डावीकडची उलगडत आणि उजवीकडची गुंडाळत, स्तंभामागून स्तंभ, जवळजवळ सगळा यशया त्याने हातांखालून नेला तेव्हा ते ठिकाण आलं. आणि हे मी कल्पनेने सांगत नाही, कारण तशी गुंडाळी आज आपल्याला पाहता येते. मृत समुद्राच्या काठी, समुद्रसपाटीच्या कितीतरी खाली असलेल्या त्या भाजक्या मुलखात, कुमरानपाशी 1947 च्या सुमारास बेदुईन मेंढपाळ पोरांना गुहेत मडकी सापडली. एक पोर हरवलेलं जनावर शोधत होतं, गुहेत दगड टाकला तर खापर फुटल्याचा आवाज आला, असं सांगतात. मडक्यांत होता तागात गुंडाळलेला यशया: सतरा कातडी तुकडे शिवून केलेली, 7 मीटरहून लांब, 54 स्तंभांची गुंडाळी, येशूच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीची. त्याआधी आपल्याकडचं यशयाचं जुन्यात जुनं हिब्रू हस्तलिखित दहाव्या शतकाच्या आसपासचं होतं. हजार वर्षांची उडी! लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ, मधूनच एखादा शब्द इकडचा तिकडे, पण यशया तोच. पुढे अकरा गुहा निघाल्या, आणि एस्तेर सोडून सगळ्या पुस्तकांचे अवशेष त्यांत मिळाले.

पण सगळीकडे तसंच झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. यिर्मया ग्रीकमध्ये हिब्रूपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने लहान आहे, आणि कुमरानात दोन्ही धाटणीचे तुकडे आहेत. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या कातड्यांचा डीएनए काढला, कातडं कुठल्या जनावराचं ते बघायला. एकाच गुंडाळीचे समजलेले यिर्मयाचे तुकडे निघाले काही मेंढीचे, काही गाईचे. वाळवंटात गाय राखणं परवडत नाही, तेव्हा गाईच्या कातड्याची गुंडाळी बाहेरून आलेली असणार. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या मेंढीने आणि गाईने साक्ष दिली की यिर्मयाच्या वेगवेगळ्या प्रती एकाच वेळी लोकांच्या हाती होत्या. ज्यांची श्रद्धा यानं हलते त्यांना मी म्हणेन, घाबरू नका. माणसांच्या हातांनी सांभाळलेल्या ग्रंथावर माणसांच्या हातांच्या खुणा राहणारच.

एन-गेदीची तर कमाल. तिथल्या जुन्या सभास्थानाला सहाव्या शतकाच्या शेवटाकडे आग लागली. 1970 मध्ये खणताना पवित्र कपाटाच्या जागी मिळाला कोळशाचा ओबडधोबड गोळा. हात लावला की भुगा. पंचेचाळीस वर्षं तो तसाच डबीत. मग दवाखान्यात करतात तसा, पण कितीतरी बारीक, सीटी स्कॅन केला आणि अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी न उलगडता तो उलगडला. आत लेवीयचे पहिले दोन अध्याय. पोथी सुमारे तिसऱ्या-चौथ्या शतकातली, आणि व्यंजनं तिबिर्याच्या पंडितांनी पुढे जपली तीच, अक्षराला अक्षर.

आणि ही जुन्या हस्तलिखितांची गोष्ट आवरायच्या आधी सगळ्यांत जुनं. यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर, आता जिथे स्कॉटिश लोकांचं चर्च आहे त्याच्या शेजारी, 1979 मध्ये एका थडग्यातून चांदीच्या पत्र्याच्या दोन सुरळ्या निघाल्या. गळ्यात ताईत घालतात तशा. उलगडायला वर्षं गेली. मोठी जेमतेम 10 सेंटिमीटर लांब, धाकटी 4. वय सुमारे 2,600 वर्षं. सुईच्या टोकाने कोरल्यासारखी अक्षरं, आणि मजकूर अहरोनाचा आशीर्वाद, गणनाच्या सहाव्या अध्यायातला. शलमोनाचं मंदिर उभं होतं किंवा नुकतंच पडलं होतं तेव्हा कुणीतरी तो गळ्यात बांधला, आणि रविवारी भक्ती संपताना आपले पाळक हात वर करून म्हणतात तोही हाच.

या ग्रंथाची मराठीत चाकरी केलेल्यांत पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय मला उठवणार नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्या म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांचं बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं, आणि तो छापखाना आश्रमातल्या बायका चालवत.

अलिबागेच्या काकांनी मला एक दाखवलं होतं ते सांगतो आणि थांबतो. गुंडाळी जुनी झाली, अक्षरं झडली, की ती फेकत नाहीत. एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखी तिला मूठमाती देतात. म्हणून म्हणतो पोरांनो, आपण या ग्रंथाच्या घरी पाहुणे आहोत हे विसरू नका. आज झोपण्याआधी घाईने मत्तयाकडे पळू नका. दुसऱ्या इतिहासाचा छत्तिसावा अध्याय काढा, शेवटची दोन वचनं मोठ्याने वाचा, आणि जिथे ती तुटतात तिथेच पुस्तक मिटा.